दोन नकाशे, तीन आवाज

(किनवट येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



ह्या व्यासपीठावर संतवाङ्मय, इतिहास, शेती, आरोग्य असे विषय ऐकण्याची आपणांला सवय आहे. त्या पंक्तीत ‘गिटारचे जुने व्हॉल्व्ह-ॲम्प्लिफायर’ हे नाव पत्रिकेवर वाचून काही मित्रांनी मला विचारले, “अहो, तेंदूपत्त्याची मजुरी आणि बिडी कामगारांचा भविष्यनिर्वाह निधी हे तुमचे विषय. हे गिटारीचे खूळ कोठून काढलेत?” प्रश्न रास्त आहे. लहान आवाज मोठा कसा होतो, हाच माझ्या आयुष्याचा विषय आहे, हे त्याचे उत्तर. माणसांच्या बाबतीत तो कसा होतो हे मी संघटनेत शिकलो; तारेच्या बाबतीत कसा होतो हे काचेच्या दिव्यांनी शिकवले. दोन्हीकडे एक गोष्ट सारखी आढळली. मोठ्या झालेल्या आवाजाखाली नाव एकाचे लागते. त्यात हात मात्र अनेकांचे असतात. आज एवढेच दाखवायचे आहे, पण ते यंत्र उघडून दाखवायचे आहे.

मी इंजिनिअर नव्हे. दहावीनंतर शाळा सुटली आणि लाऊडस्पीकर भाड्याने देणाऱ्या एका दुकानात मी कामाला लागलो. १९८५ च्या पुढची ती वर्षे. ट्रान्झिस्टरचे संच आले होते, तरी जुने व्हॉल्व्हचे संच अजून लग्नाला, उरुसाला, निवडणुकीच्या सभेला जात होते. उस्तादांनी आधी सोल्डरचा डाग द्यायला शिकवले, मग नकाशा वाचायला. इंग्रजी मी शब्दकोश हाताशी धरून व्हॉल्व्ह-कंपन्यांच्या माहितीपुस्तकांतूनच शिकलो. पुढे युनियनच्या कामात पडलो, परंतु हा नाद सुटला नाही. आज ज्या तीन यंत्रांची तुलना करणार आहे, त्यांपैकी दोहोंचे नकाशे मी कागदावर वाचले आहेत आणि आवाज ध्वनिमुद्रिकांवर ऐकले आहेत. तिसरे यंत्र मुंबईला एका दुरुस्ती करणाऱ्या मित्राच्या टेबलावर उघडे पाहिले आणि ऐकले.

प्रथम मुळाशी जाऊ. तारेचा स्वतःचा आवाज फार लहान असतो. नुसती तार दोन खिळ्यांत ताणून छेडली तर चार हातांवर ऐकू येत नाही. म्हणून आपल्या पूर्वजांनी तारेला पोट दिले. तंबोऱ्याला भोपळा लावला. आपल्याच भागातल्या प्रधान मंडळींनी किकरीला कातडे मढवले. विजेच्या गिटारीने हे पोट काढून टाकले. तारेखाली लोहचुंबक आले, आणि चुंबकाभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे काही हजार वेढे. वरची पोलादी तार थरथरली की त्या वेढ्यांत अगदी क्षीण वीज उपजते. एका व्होल्टचा दशांश म्हणा, कधी त्याहूनही कमी. अमेरिकेत १९३१-३२ च्या सुमारास असे वाद्य प्रथम बाजारात आले. तेही मांडीवर आडवे ठेवून वाजवायचे हवाईयन गिटार होते.

एवढ्याशा विजेने स्पीकरचा कागद हलणार कसा? येथे व्हॉल्व्ह येतो. १९०४ साली लंडनमध्ये फ्लेमिंग यांनी निर्वात काचेच्या नळीत दोन ध्रुव बसवून वीज एकाच दिशेने वाहवली. १९०६-०७ मध्ये अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी त्या दोहोंच्या मधे तारेची जाळी घातली, आणि ध्वनीच्या जगाचे रूप पालटले. तापलेल्या कॅथोडकडून प्लेटकडे इलेक्ट्रॉनांचा मोठा ओघ चालू असतो. मधल्या जाळीवर जराशी वीज आली की हा सगळा ओघ कमीजास्त होतो. इसापूर धरणाच्या कालव्याचा दरवाजा फिरवणारा माणूस पाहा. त्याच्या मनगटात असा किती जोर? पण त्याने चाक थोडे फिरवले की शेकडो एकरांचे पाणी वाढते किंवा आटते. पाणी त्याचे नव्हे, धरणाचे आहे. तसेच हे. ॲम्प्लिफायर तारेचा आवाज ताणून मोठा करीत नाही. भिंतीतल्या विजेला तो तारेच्या आवाजाचा आकार देतो. तार फक्त हुकूम देते. काम भलतीच शक्ती करते. मोर्चात घोषणा देणारा एक असतो आणि ‘जिंदाबाद’ म्हणणारे हजार असतात, त्यातलाच हा प्रकार.

आता हा आवाज वाढवण्याची गरज कोणाला पडली? दिवाणखान्यात बसून ऐकणाऱ्यांना नव्हे. मिसिसिपीच्या मळ्यांवर खंडाने शेती करणारे काळे मजूर दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास शिकागोच्या कारखान्यांकडे निघाले. आपल्या मराठवाड्यातून माणसे मुंबई-पुण्याला निघतात, तशीच. त्यांतला मडी वॉटर्स हा गायक १९४३ साली शिकागोला गेला. दिवसा कागदाच्या कारखान्यात काम, रात्री गुत्त्यात गाणे. त्या गलक्यात साधी गिटार कोण ऐकणार? त्याने विजेची गिटार घेतली. आपल्याकडे त्याच काळात, १९४४ साली, अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी लालबावटा कलापथक उभे केले. अमर शेखांच्या गळ्याला भोंग्याची गरज नव्हती असे म्हणतात. पण प्रत्येकाला तसा गळा मिळत नाही.

त्या शिकागोकरांपाशी संच असत लहान, आणि गुत्ते असत मोठे. मग त्यांनी बटण शेवटपर्यंत फिरवले. व्हॉल्व्हची ताकद संपली की लाटेचा माथा पुरता उमटत नाही. तो दबतो, गोल होतो. आवाज फाटतो. रेडिओ-इंजिनिअरांच्या पुस्तकात ह्याला दोष म्हटले आहे. पण ह्या दोषात गंमत अशी, की मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट कंपनसंख्येचे स्वर मिसळतात. दुप्पट म्हणजे वरच्या सप्तकातला तोच षड्ज. तिप्पट म्हणजे त्याच्याही वरचा पंचम. एकट्या ट्रायोड व्हॉल्व्हमधून षड्जाची भर अधिक पडते. दोन व्हॉल्व्ह समोरासमोर जोडले की ती बरीचशी आपापसात फिटते आणि पंचमाची उरते. हे ऐकून गाणाऱ्या मंडळींना तंबोऱ्याची जवारी आठवली असेल. तारेखाली दोरा सरकवला, घोडी घासून नेमकी उतरती केली, की स्वराभोवती स्वरांचे मोहोळ उठते. मिरजेच्या कारागिरांनी ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या जपली. २०२४ साली तेथील तंबोऱ्याला आणि सतारीला भौगोलिक मानांकनही मिळाले. तारेला घोडीवर जरासे अडू द्यायचे, म्हणजे स्वर भरतो. ही आपल्या वाद्यकारांची समजूत आहे. शिकागोच्या मजुरांना तीच गोष्ट काचेच्या दिव्यात सापडली.

आता जोडणी पाहू. ती न समजता तुलना करणे व्यर्थ आहे. प्रत्येक संचात चार टप्पे असतात. पहिला टप्पा क्षीण वीज उचलणाऱ्या लहान व्हॉल्व्हचा. दुसरा ताकदीच्या मोठ्या व्हॉल्व्हचा. तिसरा आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर. चौथा टप्पा घरच्या विजेची ४०० व्होल्टच्या आसपासची एकदिश वीज करून सर्वांना पुरवठा करणारा.

ताकदीचे व्हॉल्व्ह बहुधा जोडीने काम करतात. आपल्याकडे सागाचा ओंडका चिरताना मोठ्या करवतीला दोन माणसे लागत. एक ओढी तेव्हा दुसरा सैल सोडी. तसेच लाटेचा वरचा अर्धा भाग एक व्हॉल्व्ह ओढतो, खालचा दुसरा. ह्या जोडीला किती मोकळे सोडायचे, हा पहिला प्रश्न. काही जोडण्यांत दोघेही शांततेत कमी वीज खातात आणि काम आले की जोर लावतात. काहींत दोघेही सदैव भरपूर वीज पीत तापून तयार असतात.

दुसरा प्रश्न प्रतिपुरवठ्याचा. १९२७ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत हॅरल्ड ब्लॅक यांनी एक युक्ती काढली. बाहेर पडणाऱ्या आवाजाचा थोडा अंश उलटा करून पुन्हा आत घ्यायचा, म्हणजे यंत्र आपली चूक आपणच दुरुस्त करते. सभेत शेवटच्या रांगेतला माणूस उठून “हे बरोबर नाही” म्हणतो, तेव्हा वक्ता सावरतो ना, तसे. ह्याने आवाज स्वच्छ आणि घट्ट होतो. पण ताकदीची मर्यादा ओलांडली, की आवरून धरलेले सारे एकदम सुटते.

तिसरा प्रश्न पुरवठ्याचा. रब्बीत सगळ्यांच्या मोटारी एकदम सुरू झाल्या की गावातले दिवे मंद होतात. वीज एकदिश करण्याचे काम जेथे व्हॉल्व्हच करतो, तेथे तार जोरात छेडताच पुरवठा क्षणभर असाच बसतो आणि मग सावरतो. त्यामुळे स्वर आधी दबतो आणि मागून फुलतो. वादकाला वाटते, यंत्र आपल्या बोटांना उत्तर देत आहे.

एवढे तीन प्रश्न घेऊन आपण यंत्रांकडे जाऊ.

पहिले अमेरिकेचे, फेंडरचे ‘बेसमन’. लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावचा. मंदीत हिशेबनिसाची नोकरी गेली, म्हणून त्याने १९३८ साली रेडिओ दुरुस्तीचे दुकान घातले. ज्याच्या नावाने जगभर गिटारी वाजतात, त्या माणसाला गिटार वाजवता येत नव्हती. पण दुरुस्तीला येणाऱ्या संचांत काय तुटते हे त्याला ठाऊक होते, आणि टिकाऊपणा त्याने तेथून घेतला. त्याच्या जोडण्या आकाशातून पडल्या नव्हत्या. व्हॉल्व्ह विकले जावेत म्हणून कंपन्या नमुन्याचे नकाशे छापून सर्वांना देत. त्या सामायिक विद्येतूनच त्या काळचे सारे संच उभे राहिले. ‘बेसमन’ची १९५९ च्या सुमाराची जोडणी सर्वांत नावाजलेली आहे. सुरुवातीला १२एवाय७ हा मवाळ व्हॉल्व्ह, पुढे ईसीसी ८३ जातीचे, ताकदीला ६एल६ घराण्यातले ५८८१ ह्यांची जोडी, व्हॉल्व्हचाच पुरवठा, थोडा प्रतिपुरवठा, आणि मागून उघड्या पेटीत दहा इंची चार जेन्सेन स्पीकर. शक्ती ४० वॉटच्या आसपास. हा संच केला होता खर्जाच्या गिटारीसाठी. परंतु साध्या गिटारवाल्यांनीच तो पळवला. बडी गाय ह्या शिकागोच्या वादकाने तो गाजवला. त्याचा आवाज कसा? हळू वाजवला तर घंटेसारखा स्वच्छ; जोर लावला तर घोगरा, पण मोकळा. मागची बाजू उघडी असल्यामुळे आवाज खोलीभर पसरतो, एका रेषेत अंगावर येत नाही.

दुसरे यंत्र लंडनचे, मार्शलचे ‘जेटीएम ४५’. येथे मुद्दाम थांबतो. जिम मार्शल हा ड्रम वाजवणारा, ड्रम शिकवणारा; पश्चिम लंडनमधील हॅनवेल येथे त्याचे वाद्यांचे दुकान होते. तरुण वादक येत आणि म्हणत, अमेरिकन फेंडर परवडत नाही, येथेच काही करा. दुकानातला दुरुस्तीवाला केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन नावाचा एक कोवळा शिकाऊ उमेदवार यांनी ‘बेसमन’चा नकाशा समोर ठेवला आणि १९६२-६३ मध्ये तोच संच इंग्लंडच्या बाजारात मिळणाऱ्या मालातून उभा केला. नकाशा जवळजवळ रेषेला रेषा तोच. मग फरक कोठे पडला? सामानात. १२एवाय७ ऐवजी पहिल्याच जागी ईसीसी ८३ बसला. त्याचा वर्धनांक १००. १२एवाय७ चा त्याच्या निम्म्याहून कमी. म्हणून हा संच लवकर तापतो, लवकर फाटतो. ताकदीला लवकरच ब्रिटिश केटी ६६ आले. ट्रान्सफॉर्मर इंग्लंडचे. आणि मुख्य म्हणजे दहा इंची चार स्पीकर उघड्या पेटीत ठेवण्याऐवजी बारा इंची चार सेलेस्टियन मागून बंद पेटीत कोंडले. बंद पेटीमुळे खालचे स्वर छातीवर थाप मारल्यासारखे येतात, मधले दाट होतात. ज्या नकाशातून फेंडरची घंटा वाजली, त्याच नकाशातून हा ढोल निघाला. १९६६ मध्ये एरिक क्लॅप्टनने जॉन मेयॉलच्या ध्वनिमुद्रिकेवर तो वाजवला आणि दोषाची कला झाली. आदल्याच वर्षी पीट टाउनशेंडने जास्त आवाज मागितल्यावर १०० वॉटचा संच निघाला होता. त्यानंतर केटी ६६ ची जागा ईएल ३४ ने घेतली आणि आवाजाची धार वाढली. सामानाच्या टंचाईतून आणि गिऱ्हाइकाच्या मागणीतून एक नवा स्वर जन्मला.

तिसरे यंत्र व्हॉक्सचे ‘एसी ३०’. त्याचा नकाशा मात्र वेगळा. केंट परगण्यातल्या डार्टफर्डला टॉम जेनिंग्ज यांचा कारखाना होता, आणि रचना डिक डेनी ह्या त्यांच्याकडच्या माणसाची. १९५८ साली १५ वॉटचा संच निघाला. ‘शॅडोज’ ह्या वादकमंडळाच्या कार्यक्रमांत पोरीबाळींच्या किंकाळ्यांपुढे तो पुरेना, म्हणून त्याच्या मागोमाग ३० वॉटचा निघाला. पुढे ‘बीटल्स’ नी तोच घेतला. ह्यात एकही मोठा व्हॉल्व्ह नाही. ईएल ८४ हे रेडिओ-ग्रामोफोनसाठी निघालेले करंगळीएवढे चार व्हॉल्व्ह. ते शांततेतही भरपूर वीज पितात. एसी ३० चालू करून अर्धा तास झाला की वर चहाचे आधण ठेवावे असे वाटते. आणि ताकदीच्या व्हॉल्व्हवर प्रतिपुरवठा मुळीच नाही. कोणी मागे ओढणारा नसल्यामुळे आवाजात चकाकी आहे, किंचित बेशिस्त आहे, आणि फाटणे एकदम न येता दिवस मावळावा तसे हळूहळू येते. फेंडर घंटा, मार्शल ढोल, तर व्हॉक्सला मी झांज म्हणेन.

पाहा म्हणजे, एकाच नकाशातून दोन आवाज निघाले आणि दुसऱ्या नकाशातून तिसरा. जे म्हणतात की सारे जोडणीत आहे, त्यांना मार्शल खोटे पाडतो. जे म्हणतात की सारे व्हॉल्व्हच्या जातीत आहे, त्यांना पेटी आणि स्पीकर खोटे पाडतात. आवाज ही एकट्याची करणी नव्हे. सगळ्या टप्प्यांनी मिळून केलेली ती गोष्ट आहे.

(येथे वक्त्यांनी टेबलावरील जुन्या व्हॉल्व्हच्या संचावर आणि नंतर आजच्या ट्रान्झिस्टरच्या संचावर एकच बेंजो, प्रथम हळू व मग पूर्ण आवाजात, वाजवून दाखविला.)

हळू वाजवले तेव्हा आपणांपैकी फारच थोड्यांना फरक कळला असेल. मलाही डोळे मिटून सांगणे कठीण जाते. फरक पडला तो ताकद संपली तेव्हा. व्हॉल्व्हने लाटेचा माथा पावसाने झिजलेल्या टेकडीसारखा गोल केला. ट्रान्झिस्टरच्या संचाने, त्यात प्रतिपुरवठा फार असल्यामुळे, तो कुऱ्हाडीने तोडल्यासारखा सपाट केला. ह्यात ट्रान्झिस्टरची निंदा नाही. १९४७ साली तो बेल प्रयोगशाळेत जन्मला म्हणून रेडिओ गुराख्याच्या काखेत आला, आणि सभेसाठी, शब्द स्पष्ट कळण्यासाठी, तोच उत्तम. मला भाषण करायचे तर मी ट्रान्झिस्टर मागेन. व्हॉल्व्हचे गूढ माजवून लाख-लाख रुपयांना जुन्या पेट्या विकणारेही जगात आहेत. त्यांच्या नादी लागू नका.

आता हा बेंजो कोठून आला ते ऐका, कारण गिटारचे आपले भावंड तेच आहे. १९१२ साली जपानमधील नागोया येथे गोरो मोरिता यांनी तारांवर टंकलेखन यंत्रासारख्या कळा बसवून ‘ताइशोगोतो’ नावाचे वाद्य केले. ते हिंदुस्थानात येऊन बुलबुलतरंग झाले. मुंबईत आणि कोकणात त्याला चुंबक बसवून लोकांनी ते विजेवर चढवले, आणि बेंजो पार्टी गणपतीच्या व लग्नाच्या मिरवणुकीत हातगाडीवर निघाली. तिला कोणी फेंडर आणून दिला नाही. परवान्याच्या काळात परदेशी संच सामान्य वादकाच्या आवाक्याबाहेरचा होता. सभेचा ॲम्प्लिफायर आणि पत्र्याचा भोंगा हीच तिची सामग्री. भोंगा खर्ज देत नाही, अगदी वरचे स्वरही देत नाही. मधलेच स्वर टोकदार करून फेकतो. बेंजोचा जो काळजात घुसणारा आवाज आपण ओळखतो, त्यात तारेचा वाटा जितका, तितकाच भोंग्याचा. लंडनच्या पोरांनी फेंडर परवडेना म्हणून जे केले, तेच ह्या आमच्या पोरांनी केले.

चित्रपटांच्या स्टुडिओतही गिटार शिरली ती अशाच सरमिसळीतून. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, यांनी गोव्याच्या चिक चॉकलेट यांसारख्या वादकांना हाताशी धरून ‘अलबेला’ (१९५१) सजवला. त्यात नाचणारे भगवानदादा गिरणी कामगाराचे पुत्र. व्हॅन शिप्ले यांनी विजेच्या गिटारीवर चित्रपटगीतांच्या चाली वाजवून ध्वनिमुद्रिका काढल्या. १९६६ च्या ‘तीसरी मंझिल’ पर्यंत तर हा आवाज घरोघर पोहोचला होता.

आणि आता नावांविषयी. पेटीवर फेंडर, मार्शल, व्हॉक्स ही नावे आहेत. आतले व्हॉल्व्ह कोणी केले? मार्शल आणि व्हॉक्समधले पुष्कळसे मलार्ड कंपनीच्या ब्लॅकबर्न येथील कारखान्यातले. हे ब्लॅकबर्न लँकेशायरातले. एके काळी आपल्या आज्या-पणज्यांची धोतरे तेथे विणली जात. स्वदेशीची चळवळ आणि आपल्या गिरण्या वाढल्या, तसे तेथले माग बंद पडत गेले. त्याच गावात १९३८ साली मलार्डचा कारखाना उभा राहिला, आणि विणकरांच्या लेकीसुनांच्या हातांना जाळीच्या बारीक तारेचे काम मिळाले. सुताच्या तारेवर तयार झालेल्या गावाने गिटारच्या आवाजाची तार गुंडाळली. तिकडे फुलर्टनला फेंडरच्या संचांची जोडणी पुष्कळशी मेक्सिकन वंशाच्या बायका करीत. जुने संच उघडले की आत चिकटपट्टीचा एक तुकडा सापडतो, आणि त्यावर जोडणाऱ्या बाईचे नुसते नाव असते. बाहेर मालकाचे नाव धातूच्या अक्षरांत, आत तिचे नाव शाईने. आज शौकीन लोक तो तुकडा जपून ठेवतात. तिला त्या कामाची मजुरी काय मिळाली, हा प्रश्न मात्र माझ्यासारख्यालाच सुचतो!

आपल्या देशातही हे काम झाले. बंगळूरचे भारत इलेक्ट्रॉनिक्स १९५४ साली स्थापन झाले आणि १९६१ पासून तेथे रेडिओचे व्हॉल्व्ह निघू लागले. तेथले ईसीसी ८३ आणि ईएल ८४ आजही परदेशातले शौकीन शोधत असतात. आपल्या अडगळीत पडलेल्या रेडिओत असा एखादा दिवा असेल, तर तो भंगारवाल्याला किलोवर देण्याआधी एकदा विचार करा. जगात आता व्हॉल्व्ह करणारे मोठे कारखाने बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. रशियात, स्लोव्हाकियात, चीनमध्ये. २०२२ साली युद्धामुळे रशियाने निर्यात रोखली, तेव्हा थोड्याच दिवसांत अमेरिकेतले गिटारवाले हवालदिल झाले. तेव्हा त्यांना कळले की आपला सूर सारातोव्हच्या कामगारांच्या हातात आहे.

हे सर्व मी किनवटला का सांगतो? आज आपल्या मिरवणुकीत हजारो वॉटचे डीजे येतात, खिडक्यांची तावदाने हलतात. पेटी उघडून आत काय चालले आहे हे सांगणारा मात्र गावात सापडत नाही. बिघडले की नांदेड-हैदराबादला धाडायचे, नाहीतर फेकायचे. ज्याला यंत्र उघडता येत नाही, त्याला दुकानदार सांगेल ती किंमत आणि मालक सांगेल तो कायदा मुकाट्याने मानावा लागतो, असा माझा संघटनेतला अनुभव आहे. नकाशा वाचणारा शिकाऊ पोरगा आपल्या इथेही असेल. डडली क्रेव्हनला मिळाले ते नकाशा, डाग द्यायची कांडी आणि एक टेबल. आपल्याकडच्या पोरालाही एवढे मिळाले पाहिजे.

म्हणून एक विनंती. दर रविवारी सकाळी आमच्या युनियनच्या कार्यालयात मी टेबल मोकळे ठेवतो. आठवीच्या पुढच्या मुलामुलींना पाठवा. घरातले बंद पडलेले रेडिओ, संच घेऊन या. फक्त एक ताकीद ध्यानात ठेवा. व्हॉल्व्हचा संच भिंतीपासून सोडवला तरी त्यातल्या कंडेन्सरमध्ये ४०० व्होल्टची वीज दबा धरून बसलेली असते, आणि तिने माणूस दगावू शकतो. ती उतरवायची कशी हे पहिल्या दिवशी शिकवतो. तोवर कोणी घरी झाकण काढू नये.

टेबलावरचा हा संच येथेच ठेवतो. ज्यांना आत डोकवायचे असेल त्यांनी पुढे यावे. वीज मी उतरवली आहे.